कोरियन माणूस काय काय खातो?

कोरियन मालिका बघणाऱ्या मराठी प्रेक्षकाच्या कानात संवाद कोरियन असतात आणि डोळ्यांसमोर सबटायटलं बहुतेकदा इंग्रजी. या द्राविडी प्राणायामात एक क्रियापद जवळजवळ प्रत्येक भागात कानावरून जातं, पण डोळ्यांना कधी दिसत नाही. ते क्रियापद 'मॉक्ता', म्हणजे खाणे. पडद्यावर कुणी घाबरतं, कुणी मनाशी काही ठरवतं, कुणाचं वय वाढतं, कुणावर शिव्यांचा भडिमार होतो, कुणी लाच घेतं. इंग्रजी पट्टीत या प्रत्येकासाठी वेगळं क्रियापद येतं. मूळ संवादात मात्र ही सगळी मंडळी नुसती खात असतात.

यात मराठी माणसाला बिचकण्यासारखं काही नाही. आपण हाय खातो, कच खातो, मार खातो, भाव खातो, एकमेकांचं डोकं खातो आणि पैसे कोण खातं तेही आपल्याला ठाऊक असतं. म्हणून मला वाटतं, मॉक्ता समजून घ्यायला इंग्रजीपेक्षा मराठीची वाट जवळची आहे. काही ठिकाणी ही वाट फसवते, तेही पुढे येईल.

आधी उच्चार. 'मॉ'मधला स्वर आपल्या 'अ' आणि 'ऑ' यांच्या मधला आहे, ओठ गोल न करता काढायचा. शेवटचं 'ता' हे फक्त शब्दकोशातलं रूप. आपण 'खाणे' म्हणतो, पण बोलताना 'खातो', 'खाल्लं' म्हणतो, तसंच हे. धातू 'मॉक' एवढाच. त्याचं 'मॉगॉ' झालं की 'खातो' किंवा 'खा', 'मॉगॉस्सॉ' झालं की 'खाल्लं'. आणि पुढे 'न' आला की 'क'चा 'ङ' होतो: मॉक अधिक नुन, मॉङनुन, म्हणजे 'खाणारा'. हे विचित्र वाटत असेल तर शाळेतला संधी आठवा. वाक् अधिक मय, वाङ्मय. नियम तोच आहे, अनुनासिकाच्या आधीच्या व्यंजनाचं अनुनासिक होतं. फरक इतकाच की आपण तो व्याकरणाच्या तासाला पाठ केला आणि कोरियन माणूस तो न कळत दिवसभर वापरतो.

भाताला कोरियनमध्ये म्हणतात 'पाप'. (औपचारिक भाषेत जेवणाला 'शिक्सा' म्हणतात. पापामागून शिक्सा येते, याचं श्रेय मात्र कुणाला देता येणार नाही.) 'पाप' म्हणजे भात आणि 'पाप' म्हणजे जेवणसुद्धा. आपल्याकडे कोकणात भात खाल्ल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, तशीच ही अर्थाची सरमिसळ. 'पाम मॉगॉस्सॉ?' म्हणजे 'जेवलास का?' (इथेही तोच संधी, पुढच्या 'म'मुळे 'पाप'चं 'पाम' झालं.) हा प्रश्न असतो, पण बऱ्याचदा ती विचारपूस असते. उत्तरात कोणी काय खाल्लं याची यादी देत नाही, 'हो, तू?' एवढ्यावर भागतं. 'एकदा जेवायला भेटू या' हे वाक्यही असंच. तारीख ठरली नसेल तर ते आपल्या 'या एकदा घरी' इतकंच खरं धरायचं.

या प्रश्नाचं मूळ उपासमारीत आहे, असं स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं. कोरियात वसंतात जुना तांदूळ संपायचा आणि जव अजून शेतात हिरवा असायचा. त्या मधल्या दिवसांना 'जवाची खिंड' म्हणत, आणि १९६० च्या दशकापर्यंत खेड्यापाड्यांत ती खिंड दरवर्षी ओलांडावी लागे. शिवाय १९५० ते १९५३ चं युद्ध. या आठवणींनी त्या प्रश्नाला वजन दिलं असणार, यात शंका नाही. पण निव्वळ भुकेतून तो जन्मला, हे मला जरा सोपं उत्तर वाटतं. जेवलास का, हे आपणही विचारतो, आणि विचारणाऱ्याच्या मनात दर वेळी दुष्काळ नसतो.

मॉक्ता फक्त घन पदार्थांपुरतं नाही. औषध खातात, बोलीत पाणी आणि दारूही 'खातात', जरी पिण्यासाठी 'माशिदा' हे वेगळं क्रियापद आहे. बंगाली माणूस जसा पाणीही खातो आणि सिगारेटही, तसंच. जुन्या कोरियनमध्ये तंबाखूही खात. 'वाघ तंबाखू खात होते त्या काळी' ही गोष्टीची सुरुवात म्हणजे आपलं 'आटपाट नगर होतं'. हल्ली त्यात 'ओढत होते' असंही म्हणतात.

एक पथ्य इथेच सांगून टाकतो. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत मॉक्ता वापरत नाहीत. आपण 'जेवलास'चं 'जेवलात' करून मोकळे होतो, फार तर 'खा'ऐवजी 'घ्या ना' म्हणतो. कोरियनमध्ये क्रियापदच बदलावं लागतं: 'तुशिदा', आणि आजी-आजोबांसाठी त्याहून आदराचं 'चाप्सुशिदा'. इतकंच काय, आजोबांच्या पानातला भातसुद्धा 'पाप' राहत नाही, 'चिंजी' होतो. आजोबांना 'पाम मॉगॉस्सॉ?' विचारणं म्हणजे त्यांना 'काय रे, गिळलंस का?' विचारण्याच्या जवळपास जातं.

आता पोटात न जाणाऱ्या गोष्टींकडे वळू. पहिलं वय. मराठी माणूस पावसाळे बघतो, कोरियन माणूस वय खातो: 'नाइरुल मॉक्ता'. 'नाइ' म्हणजे वय, 'रुल' हा द्वितीयेचा प्रत्यय. (नामाला प्रत्यय, शेवटी क्रियापद, वाक्याची बांधणी आपल्यासारखीच.) यातलं खाणं चांद्र नववर्षाच्या सकाळी खरोखर ताटात दिसतं. त्या दिवशी घरोघरी 'तॉक्कुक' करतात. तांदळाच्या पिठाचे पांढरे लांब रोल तिरके पातळ कापून त्यांच्या चकत्या रश्शात शिजवायच्या, वर अंड्याच्या पातळ पट्ट्या आणि खरपूस समुद्रशेवाळाचा चुरा. ही वाटी संपवली की तुम्ही एक वर्ष खाल्लं. लहान मुलं लवकर मोठं व्हायला दोन-दोन वाट्या मागतात आणि 'किती वाट्या तॉक्कुक खाल्लंस?' हा वय विचारण्याचा खट्याळ प्रकार आहे.

पूर्वीच्या मोजणीत हे अगदी चपखल बसायचं. जन्मलेलं मूल एक वर्षाचं धरत आणि १ जानेवारीला सगळ्यांचं वय एकदम एकाने वाढे. ३१ डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं! २८ जून २०२३ पासून कायद्याने कागदोपत्री व्यवहारांसाठी आपल्यासारखं जन्मतारखेवरून मोजलेलं वय प्रमाण धरलं, आणि कोट्यवधी लोक कागदावर एका रात्रीत एक-दोन वर्षांनी लहान झाले. खाल्लेलं वय सरकारने ओकायला लावलं म्हणा. क्रियापदाला मात्र कायद्याने हात लावलेला नाही. मोठा माणूस पोरकटपणा करू लागला की त्याला अजूनही विचारतात, 'वय कुठल्या वाटेने खाल्लंस?' वाट कुठली अभिप्रेत आहे ते सांगत नाहीत. रागावलेले लोक सांगतातही.

दुसरं मन. इथे मराठीची वाट फसवते. आपल्याकडे मन माणसाला खातं. चुकीचं वागलं की आतून कुरतडत राहतं. कोरियनमध्ये माणूस मनाला खातो, 'माउमुल मॉक्ता', आणि त्याचा अर्थ होतो निश्चय करणे. 'व्यायाम करायचं मन खाल्लं' म्हणजे व्यायामाचं मनावर घेतलं. सगळं कसं 'मन खाता' त्यावर आहे, म्हणजे मानलं तर आहे, हा तिकडचा नेहमीचा उपदेश. असले निश्चय किती टिकतात याबद्दल कोरियन लोकांना भ्रम नाहीत. 'चाकशिम सामिल' हा चार अक्षरी वाक्प्रचार त्यासाठीच आहे: निश्चय केला, तीन दिवस.

भीतीही खातात, 'कॉबुल मॉक्ता'. आपली 'हाय खाल्ली' इथे शब्दाला शब्द बसते. शिव्या खातात, 'योगुल मॉक्ता'. पण त्यात नुसत्या शिव्या नाहीत, लोकांची टीका, बोल लावणं, समाजमाध्यमांवरची झोडपणी, सगळं आलं. एखाद्या नटाच्या बातमीत 'योक खाल्ले' असं आलं तर त्याला कोणी आईवरून शिवी दिली असं नाही, लोकांनी त्याला धारेवर धरलं. आणि जो पुष्कळ योक खातो तो पुष्कळ जगतो, असंही म्हणतात. बोलणी खाणाऱ्याचं एवढंच समाधान.

मला सगळ्यात आवडतं ते ऊन खाणं. आपण थंडीत अंगणात कोवळं ऊन खात बसतो, ते सुख. कोरियन माणूस 'तॉवी', म्हणजे उष्मा, खातो तेव्हा त्याला ऊन बाधलेलं असतं: चक्कर, मळमळ, गळून जाणं. शब्द तेच आणि अर्थ नेमका उलटा. हे उष्मा खाणं टाळण्याची एक गमतीदार युक्ती आहे. चांद्रवर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला, साधारण आपल्या माघ पौर्णिमेच्या सुमारास, भल्या सकाळी कुणाला तरी नावाने हाक मारायची. बेसावधपणे त्याने 'ओ' दिली की लगेच म्हणायचं, 'माझा उष्मा विकत घे!' झाला सौदा. येत्या उन्हाळ्यातला तुमचा उष्मा आता त्याने खायचा. ज्याला हे माहीत असतं तो हाकेला ओ न देता उलट आपलाच उष्मा पुढे करतो.

या सगळ्यांत एक सूत्र दिसतं. मॉक्ता म्हणजे बाहेरची गोष्ट आत आली आणि आपली होऊन बसली. आवडो न आवडो, ती परत करता येत नाही. कधी आपण होऊन घेतलेली असते, जसा निश्चय, कधी दुसऱ्याने गळ्यात उतरवलेली असते, जशा शिव्या. त्यामुळे नवीन वाक्य कानावर आलं की दोनच प्रश्न विचारायचे: काय खाल्लं, आणि भरवलं कुणी? बहुतेक वेळा अर्थ लागतो.

फुटबॉलवर हे करून बघा. गोल झाला तर तो करणाऱ्याने 'घातला' आणि ज्याच्यावर झाला त्याने 'खाल्ला'. २०१४ च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकात दक्षिण कोरियाने अल्जीरियाकडून ४ गोल खाल्ले आणि एकही सामना न जिंकता संघ गटातूनच परतला. ३० जूनला इंचॉन विमानतळावर खेळाडू उभे असताना गर्दीतून त्यांच्यावर गोळ्या फेकल्या गेल्या. खायच्या गोळ्या, 'यॉत'.

यॉत म्हणजे तांदूळ किंवा दुसरं धान्य शिजवायचं, मोड आणून वाळवलेल्या जवाच्या पिठाने ते गोड करायचं, गाळून रस आटवायचा आणि ताणून ताणून वड्या पाडायच्या. चिक्कीचा पाक जसा दाताला धरून बसतो, तसा हा पदार्थ चिवट. त्यात वाईट काय? पदार्थात काहीच नाही. पण 'यॉत मॉगॉरा', म्हणजे 'यॉत खा', ही कोरियनमधली सणसणीत शिवी आहे. आपल्याकडे चारचौघांत न उच्चारण्याजोगी जी आहे, त्या तोडीची. विमानतळावर लोकांनी शिवी तोंडाने दिली नाही, हाताने दिली.

ही शिवी कुठून आली, यावर एक लोकप्रिय गोष्ट आहे, आणि तिच्यातली घटना खरी आहे. डिसेंबर १९६४. सोलमध्ये तेव्हा माध्यमिक शाळेतल्या प्रवेशासाठीही परीक्षा असे. यॉत बनवण्याच्या कृतीवर एक प्रश्न आला: मोड आणलेल्या धान्याऐवजी काय घालता येईल? अपेक्षित उत्तर होतं डायस्टेज हे विकर. पण पर्यायांत मुळ्याचा रसही होता, आणि मुळ्यात डायस्टेज असतं हे मुलांनी पाठ्यपुस्तकातच वाचलं होतं. मुळ्याचा रस लिहिणाऱ्यांचा गुण गेला आणि नामांकित शाळांत एका गुणाने प्रवेश हुकले. पालकांनी काय करावं? त्यांनी मुळ्याचा रस घालून घरी खरोखरच यॉत शिजवलं, ते शिक्षण खात्याच्या दारात नेलं आणि म्हणाले, हे घ्या, खा! प्रकरण न्यायालयात गेलं, १९६५ मध्ये निकाल पालकांच्या बाजूने लागला. पुढे १९६९ मध्ये आधी सोलमधून आणि मग टप्प्याटप्प्याने देशभरातून ही प्रवेश परीक्षाच गेली. शिवीचा उगम इथलाच, असं पुष्कळ लोक सांगतात. मला ते पटत नाही. तिचा संबंध फिरत्या खेळकऱ्यांच्या जुन्या अश्लील बोलीशी जोडणारं मतही आहे, आणि शिवी म्हणून तिला जो मार आहे तो मुळ्याच्या रसातून आलेला वाटत नाही. पालकांच्या त्या वाक्याला धार होती ती शिवी आधीपासून ठाऊक होती म्हणूनच, असा माझा कयास आहे.

याच यॉतचा दुसरा अवतार बघा. मोठ्या परीक्षेआधी विद्यार्थ्याला यॉत भेट देतात, मनापासून, शुभेच्छा म्हणून. कारण कोरियनमध्ये 'चिकटणे' आणि 'परीक्षेत उत्तीर्ण होणे' याला क्रियापद एकच. त्याच न्यायाने परीक्षेच्या दिवशी 'मियॉक्कुक', समुद्रशेवाळाचं सूप, वर्ज्य. शेवाळ बुळबुळीत, म्हणजे घसरणं आलं. 'मियॉक्कुक खाल्लं' म्हणजे नापास झाला. हेच सूप बाळंतिणीला मुद्दाम देतात आणि वाढदिवसाला सकाळी हमखास करतात. म्हणजे 'आज मियॉक्कुक खाल्लंस का?' हा प्रश्न वाढदिवसाच्या दिवशी प्रेमाचा, निकालाच्या दिवशी जखमेवर मीठ.

पाण्याचंही तसंच. 'मुल मॉक्ता', पाणी खाणे, म्हणजे बढती हुकणं, डावललं जाणं. पत्रकारांच्या बोलीत, मोठी बातमी प्रतिस्पर्ध्याने आधी छापणं. आणि दुसऱ्याला पाणी 'भरवणं' म्हणजे त्याला तोंडघशी पाडणं. मराठीत आपण प्रतिस्पर्ध्याला पाणी पाजतो, तेव्हा कोरियन माणसाला वेगळं समजावून सांगायची गरज पडणार नाही.

'कुक्सु कधी खायला घालणार?' हे मात्र निरुपद्रवी. कुक्सु म्हणजे शेवया, त्या लग्नात वाढतात. प्रश्नाचा अर्थ: लाडू कधी देताय?

कर्मणी रूपही कामाचं आहे. 'मॉखिदा' म्हणजे खाल्लं जाणं, आणि बोलीत त्याचा अर्थ 'चालून जाणं, खपणं'. विनोद मॉखिला, लोकांना पटला. थाप मॉखिली नाही, खपली नाही. एक इशारा: 'क्वीमॉक्ता' हा शब्द 'कान खाणे' असा दिसतो आणि अर्थ निघतो बहिरं होणं. आपलं 'कान खाऊ नकोस' इथे जोडू नका. राष्ट्रीय भाषा संस्थेच्या प्रमाण कोशात हे मॉक्ता स्वतंत्र नोंद म्हणून दिलं आहे: नाक-कान बंद होणं. उच्चार सारखा, शब्द निराळा.

खरी गंमत मॉक्ता दुसऱ्या क्रियापदाच्या शेपटीला लागतं तेव्हा. 'विकणे'ला जोडलं की 'फारामॉक्ता', विकून खाणे. देश विकून खाल्ला, हे कोरियात देशद्रोह्यासाठी ठरलेलं वाक्य. 'राबवणे'ला जोडलं की पिळून घेणं. धंदा 'रश्शात कालवून खाल्ला' की दिवाळं निघालं. तीच ती हाडं पुन्हा पुन्हा उकळून रस्सा काढावा तशी एकच कल्पना वर्षानुवर्षं वापरली की 'उर्यॉमॉक्ता'. सोलून खाल्लं, 'कामॉक्ता', तर विसरलं. हा शेवटचा शब्द सौम्य आहे, बाकीच्यांत बोलणाऱ्याचा तिटकारा ऐकू येतो. कृती तीच राहते, मॉक्ता जोडल्याने तिला घाणेरडा वास येतो.

हा वास किती लांब जातो, ते २००३ मध्ये दिसलं. 'करणे'ला मॉक्ता जोडून नकार दिला की होतं 'मोथे मॉक्केत्ता'. कामाला कंटाळलेला टॅक्सीवाला, दुकानदार, कारकून हेच म्हणतो: नाही होत बुवा हे आता, खड्ड्यात गेली ही नोकरी. त्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष नो मू-ह्यॉन, पदावर येऊन तीन महिनेही झाले नव्हते, एका भेटीत बोलून गेले की असंच चाललं तर राष्ट्राध्यक्षपद 'मोथे मॉक्केत्ता' वाटू लागेल. गहजब झाला. 'हे पद सांभाळणं कठीण होत आहे' असं ते म्हणाले असते तर बातमी दोन दिवसांत विरली असती. विरोधकांना झोंबलं ते क्रियापद: राष्ट्राध्यक्षपद ही काय पोटासाठी करून खायची गोष्ट आहे? समर्थकांना त्यातच आपल्यासारखा बोलणारा माणूस दिसला.

नवी बोलीही याच धातूवर पोसली आहे. 'खाणं' आणि 'प्रक्षेपण' यांची पहिली अक्षरं जोडून 'मॉक्पांग', म्हणजे आपल्याकडे मुकबांग म्हणून पोचलेला, कॅमेऱ्यासमोर ढीगभर खाण्याचा प्रकार; २०२१ मध्ये हा शब्द ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशातही गेला. 'खाऊन पळ' याचं 'मॉक्थ्वी': बिल न देता सटकणारं गिऱ्हाईक, प्रचंड मानधन घेऊन न खेळणारा खेळाडू, आणि पैसा काढून पसार होणारा गुंतवणूकदार. लोन स्टार या अमेरिकी फंडाने २००३ मध्ये कोरिया एक्स्चेंज बँक घेतली आणि २०१२ मध्ये मोठ्या नफ्याने विकली, त्या प्रकरणापासून तर हा शब्द अर्थविषयक मथळ्यांत ठाण मांडून आहे. मेसेज वाचून उत्तर न देणाऱ्याने तो खाल्ला नाही, चावला: 'इक्शिप', वाचून चावणे.

शिकणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. मॉक्ताचं कर्म माणूस असेल, विशेषतः स्त्री, तर अर्थ लैंगिक आणि हीन होतो. 'तोडून खाणे' हे फळाबद्दल ठीक, माणसाबद्दल अत्यंत घाण. मालिकांत ते फारसं ऐकू येत नाही, ऑनलाइन खेळांच्या गप्पांत येतं. तिथून भाषा उचलू नये. जेवणापासून सुरुवात करावी, आणि समोर मोठं माणूस असेल तर 'शिक्सा हाश्यॉस्सॉयो?' विचारावं.